‘आणि पार्टी’मध्ये नेमकं कोण कोण असतं?

यात्रांचा हंगाम आला की सातारा-सांगलीकडच्या एसटी स्टँडच्या भिंती, चहाच्या टपऱ्या आणि चौकातले खांब फलकांनी भरून जातात. त्यातला कुठलाही एक फलक निवडा आणि नीट वाचा. वर ग्रामदैवताचा फोटो, त्याखाली नेत्यांचे फोटो, मग सरपंच, उपसरपंच, यात्रा कमिटीचे अध्यक्ष, मंडप कुणाचा, साउंड कुणाचा, फलकाचं सौजन्य कुणाचं. आणि मधोमध मोठ्या अक्षरांत : ‘शाहीर अमुक-तमुक आणि पार्टी’.

आता मला सांगा, या पार्टीत कोण कोण आहे?

मंडपवाल्याचं नाव आहे. जनरेटरवाल्याचं आहे. कधीकधी तर फलक छापणाऱ्या दुकानाचा मोबाइल नंबरसुद्धा कोपऱ्यात असतो. पण रात्री ज्याच्या ढोलकीवर अख्खं मैदान ताल धरणार आहे, त्या माणसाचं नाव कुठंच नाही. तो ‘पार्टी’ या एका शब्दात बसवलेला आहे. त्याच्यासोबत तुणतुणंवाला, झांजवाला, पेटीवाला आणि झीलकरी. चार-पाच माणसं, चार-पाच आयुष्यं, शब्द एकच.

माझं म्हणणं साधं आहे. ही नावं छापा. फलकावर, पत्रिकेत, बातमीत, आणि तुमच्या रीलच्या कॅप्शनमध्येसुद्धा. याला मी ‘मोठ्या मनाचा प्रश्न’ वगैरे म्हणणार नाही. हा हक्काचा आणि पुढे जाऊन पोटाचा प्रश्न आहे. तो कसा, ते सांगते.

आधी थोडं लांब जाऊन येऊ. अमेरिकेत ‘ब्लूग्रास’ नावाचा एक संगीतप्रकार आहे. बँजो, फिडल म्हणजे व्हायोलिन, मॅंडोलिन, गिटार आणि उभा ठेवून वाजवायचा भलामोठा बास, अशी पाच वाद्यं. ड्रम नाहीत. ताल मॅंडोलिनवाला तारांवर तुटक आघात करून सांभाळतो. जुन्या पद्धतीत हे सगळे एकाच माइकभोवती उभे राहतात. ज्याची पाळी येते तो पुढे सरकतो, आपला तुकडा वाजवतो आणि मागे होतो. तेवढ्या वेळापुरता गाणाराही मागे थांबतो.

या संगीताचा जनक मानला जाणारा बिल मन्रो हा केंटकी राज्याचा. त्याच्या बँडचं नाव होतं ‘बिल मन्रो अँड हिज ब्लू ग्रास बॉइज’. म्हणजे बघा, तिथंही आधी ‘आणि पार्टी’च होती! एकाचं नाव मोठं, बाकीची ‘त्याची पोरं’. पण १९४५ च्या शेवटी या बँडमध्ये अर्ल स्क्रग्ज नावाचा एक तरुण बँजोवादक आला. तीन बोटांनी तो असा काही बँजो वाजवायचा की रेडिओवरच्या ‘ग्रँड ओल ऑप्री’ या कार्यक्रमाचे श्रोते त्याला नावानं ओळखायला लागले. नाव झालं तशी किंमतही झाली. १९४८ मध्ये तो आणि गिटारवादक लेस्टर फ्लॅट बाहेर पडले आणि त्यांनी दोघांच्या बळावर स्वतःचा बँड उभा केला. आजच्या काळातला ‘पंच ब्रदर्स’सारखा बँड घ्या. पाच वाद्यं, पाच वादक आणि पाचही जणांची नावं रसिकांना तोंडपाठ.

हे सांगण्याचं कारण ‘बघा, तिकडे कसं छान’ असं म्हणणं नाही. तिकडेही बँजोचा इतिहास सरळ नाही. ते वाद्य आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्या माणसांबरोबर अमेरिकेत गेलं आणि त्या पहिल्या वादकांची नावं इतिहासानं बहुतेक गिळली. मुद्दा एवढाच, की वादकाचं नाव घेणं ही आपोआप होणारी गोष्ट नसते. कुणीतरी ते घ्यायला सुरुवात करावी लागते.

आता आपल्याकडे या. बिनविजेचा, फक्त हातातल्या वाद्यांवर चालणारा बँड बघायला तुम्हाला केंटकीला जायची गरज नाही. आपल्या दोन जिल्ह्यांत तो गल्लोगल्ली आहे.

शाहिराची पार्टी घ्या. शाहिराच्या हातात डफ. शेजारी ढोलकी. मागे तुणतुणं, म्हणजे एकच तार. पण ती एक तार सूरही धरते आणि लयही. ब्लूग्रासमध्ये ज्या कामासाठी दोन वाद्यं लागतात, ते काम आपलं तुणतुणं एकट्यानं करतं. आणि झीलकरी? तुम्हाला वाटत असेल, तो मागे उभा राहून फक्त ‘जी जी’ करतो. पोवाडा म्हणजे लांबलचक कथा. शाहीर वरच्या पट्टीत, एका दमात कडवं संपवतो. त्याला श्वास घ्यायला जी जागा मिळते, ती झीलकरी भरतो. तो सूर पडू देत नाही, श्रोत्याचं लक्ष सुटू देत नाही. झील कच्ची असेल तर मोठा शाहीरही तिसऱ्या कडव्याला थकतो.

किंवा कुस्तीचं मैदान घ्या. हलगी, घुमकं, कैताळ. घुमक्याचा जाड घुमारा खाली, कैताळाची धार वर आणि मधून हलगी कडकडत जाते. हलगीवाला एका हातात जाड टिपरू आणि दुसऱ्या हातात बारीक काडी धरून वाजवतो. कातडं सैल पडलं की शेकोटीवर शेकून पुन्हा ताणतो. आपल्याकडचं साउंड चेक ते हेच! पैलवान एकमेकांना भिडले की त्याची नजर आखाड्यावर आणि हात वाद्यावर. डाव चढला की लय चढते. मैदानात जे अंगावर येतं, त्यातलं निम्मं त्या हातांमुळे येतं. निवेदक पैलवानाचं नाव पुकारतो, गाव पुकारतो, वस्तादाचं नाव पुकारतो, इनाम देणाऱ्याचं तर दोनदा पुकारतो. हलगीवाल्याला मात्र ‘ए, वाजीव रं’.

गोंधळात संबळ आणि तुणतुणं. तमाशात ढोलकी-हलगीची सलामी, कडं, झांज आणि मागे सुरते. वाद्यं बदलतात, न छापलेल्या नावांची रांग तीच राहते.

कुणी म्हणेल, आपल्या परंपरेत तशी पद्धतच नाही. हे खरं नाही. याच दोन जिल्ह्यांत तशी पद्धत आहे. साताऱ्यातलं औंध आणि सांगलीतलं मिरज ही शास्त्रीय संगीताची मोठी ठिकाणं. उस्ताद अब्दुल करीम खाँ मिरजेतच स्थायिक झाले होते. आता शास्त्रीय मैफलीची पत्रिका उघडून बघा. गायकाच्या नावाखाली ‘तबला साथ’ आणि ‘संवादिनी साथ’ असं लिहून पुढे नावं असतात. निवेदक ती वाचून दाखवतो. मैफल संपल्यावर साथीदारांनाही शाल, पुष्पगुच्छ मिळतो. ही पद्धत चांगलीच आहे. पण मग तबल्याला नाव आणि ढोलकीला ‘पार्टी’, हा फरक कुठून आला?

तो वाद्यातून आलेला नाही, हे तुम्हालाही माहीत आहे. ढोलकी वाजवायला रियाज लागतोच, आणि तोही बोटं सोलवटून काढणारा. फरक वाजवणाऱ्याच्या जागेतून आला. गावगाड्यात हलगी वाजवणं हे कौशल्य म्हणून नव्हे, तर ठरावीक जातींवर टाकलेलं काम म्हणून चालत आलं. सनई-सूर, डफ, दवंडी, मिरवणूक, सगळं ठरलेल्या घरांकडून करून घ्यायचं आणि बदल्यात धान्य, जुनं कापड, उरलेलं जेवण. ज्याच्याकडून काम ‘करून घेतलं’ जातं, त्याचं नाव लिहायची गरज कुणाला वाटत नाही. आज पैसे रोख किंवा मोबाइलवर दिले जातात, पण नाव न लिहिण्याची सवय तशीच राहिली.

आपल्या भागातल्या मोठ्या नावांकडे बघितलं तरी हे दिसतं. वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्ण कुलकर्णी तमाशात गेले आणि पठ्ठे बापूराव झाले. त्यांचं नाव टिकलं, त्यांच्या फडातल्या पवळाचं नाव टिकलं. वाईजवळच्या पसरणीचे कृष्णराव साबळे शाहीर साबळे झाले. त्यांनी गायलेलं ‘जय जय महाराष्ट्र माझा’ २०२३ मध्ये राज्यगीत झालं. गीतकार राजा बढे, संगीतकार श्रीनिवास खळे, गायक शाहीर साबळे, ही तीन नावं स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारं कुठलंही पोर घडाघडा सांगतं. त्या गाण्यात वाद्यं कुणी वाजवली, हे सांगणारं पोर मला अजून भेटलेलं नाही. तसा प्रश्नच कुठल्या पेपरात येत नाही. कवलापूरच्या काळू-बाळूंची, म्हणजे लहू आणि अंकुश खाडे या जुळ्या भावांची जोडी ‘जहरी प्याला’ या वगानं घराघरांत पोचली. ते मोठे होतेच. पण त्यांच्या विनोदाला नेमक्या जागी ढोलकीची थाप पडली नसती तर तो हशा तसाच आला असता का? विनोदाची वेळ कलाकार आणि ढोलकीवाला दोघं मिळून साधतात.

वेगळा रस्ताही आपल्याच मातीत सापडतो. वाटेगावच्या अण्णाभाऊ साठेंनी १९४४ मध्ये अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासोबत पथक काढलं, त्याचं नाव ‘लाल बावटा कलापथक’. एकाचं नाव पुढे आणि बाकीचे ‘पार्टी’त, असं केलं नाही. नाव सगळ्यांचं मिळून. ऐंशी वर्षांपूर्वी हे सुचू शकतं, तर आज अडचण कसली?

आता हक्काचं आणि पोटाचं बोलू.

पहिलं, कायदा. भारताच्या कॉपीराइट कायद्यात ‘सादरकर्ता’ म्हणजे कोण याची यादी आहे. तिच्यात नट, गायक, वादक, नर्तक तर आहेतच, पण कसरतपटू, जादूगार आणि गारुडीसुद्धा आहेत. २०१२ मध्ये या कायद्यात दुरुस्ती झाली आणि सादरकर्त्याला एक नैतिक हक्क मिळाला. आपल्या सादरीकरणाचा सादरकर्ता म्हणून आपली ओळख सांगितली जावी, हा तो हक्क. ज्या वापरात नाव देणं शक्यच नाही तिथं सूट आहे. पण फलकावर जनरेटरवाल्याचं नाव बसत असेल, तर ढोलकीवाल्याचं बसत नाही असं कोण म्हणेल?

दुसरं, म्हातारपण. राज्य सरकारची ज्येष्ठ साहित्यिक आणि कलावंतांसाठी मानधन योजना आहे. आता तिला राजर्षी शाहू महाराजांचं नाव आहे आणि महिन्याला ५,००० रुपये मिळतात. वयाची पन्नाशी ओलांडलेल्या कलावंतानं अर्ज करायचा, आणि सोबत कलाक्षेत्रात अनेक वर्षं काम केल्याचे पुरावे जोडायचे. पुरावे म्हणजे काय? प्रमाणपत्रं, पत्रिका, वर्तमानपत्रातली कात्रणं, फोटो. आता विचार करा. एका माणसानं तीस वर्षं यात्रा-जत्रांत ढोलकी वाजवली. शेकडो फलक छापले गेले. शेकडो बातम्या आल्या. प्रत्येक ठिकाणी ‘आणि पार्टी’, ‘व सहकारी’, ‘साथीदारांनी उत्तम साथ दिली’. तो माणूस फाइलला काय लावणार? शाहिराकडे कात्रणांची वही असते. त्याच्या मागे उभं राहून तेवढीच वर्षं वाजवणाऱ्याकडे फक्त बोटांवरचे घट्टे असतात. घट्ट्यांची झेरॉक्स निघत नाही.

म्हणून म्हणते, फलकावरची एक ओळ ही शोभेची गोष्ट नाही. ती उद्याचं कागदपत्र आहे.

तिसरं, दर. ज्याचं नाव माहीत नाही त्याला थेट फोन जात नाही. सुपारी ठरते ती मुख्य कलाकाराशी. साथीदाराच्या वाट्याला काय येईल, ते त्याच्या हातात नसतं. नाव छापलं गेलं की लोक शोधत येतात, शिकवणीला बोलावतात, दुसरा कार्यक्रम मिळतो. स्क्रग्जचं जे झालं ते आपल्या एखाद्या हलगीवादकाचं व्हायला हरकत काय?

आपल्याच भागातलं एक ताजं उदाहरण आहे. मिरजेची सतार आणि तंबोरा यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पंढरपूरकडच्या भोपळ्यापासून वाद्य घडवणाऱ्या कारागिरांच्या पिढ्यांना त्यामुळे कागदावर ओळख मिळाली. ‘मिरजेचा’ म्हटल्यावर वाद्याची किंमत ठरते. वाद्याला गावाचं नाव मिळणं महत्त्वाचं वाटतं, मग वादकाला त्याचं स्वतःचं नाव मिळणं का वाटू नये?

यावर काही आक्षेप येणार. ‘साथीदार रोज बदलतात, आधी कसं छापणार?’ ठीक आहे, मग स्टेजवर तरी पुकारा. निवेदकाला दोन मिनिटं लागतात. सत्कारांना आपण तासभर देतोच. ‘लोक शाहिराला बघायला येतात.’ येतात ना. क्रिकेटमध्येही लोक एखाद्या खेळाडूलाच बघायला जातात, म्हणून स्कोअरकार्डवर एकच नाव नसतं.

एक आक्षेप मात्र मला गंभीर वाटतो. काही घरांनी हलगी मुद्दाम खाली ठेवली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चळवळीनंतर गावकीची लादलेली कामं सोडणं हा स्वाभिमानाचा भाग होता. अशा घरातल्या एखाद्याला वाद्यासोबत नाव छापलं जाणं म्हणजे पुन्हा तीच पाटी गळ्यात पडणं वाटू शकतं. त्याचं वाटणं बरोबर आहे. म्हणूनच आधी विचारायचं. नाव छापू का, कसं छापू, गाव लिहू का. विचारणं हाच खरा बदल आहे. पूर्वी कुणी विचारत नव्हतं, नुसतं बोलवत होतं.

आणखी एक गोष्ट. गणपती जवळ आला की डीजेच्या भिंतींवर चर्चा सुरू होते. आवाज, लेझर, म्हाताऱ्यांची छाती, लहान मुलांचे कान. मग सगळेच म्हणतात, ‘पारंपरिक वाद्यं लावा.’ हे वाक्य परत वाचा. वाद्यं लावा. जणू वाद्यं कपाटात असतात आणि बटण दाबलं की वाजतात. ती वाजवणारी माणसं मधल्या दहा-पंधरा वर्षांत कुठं गेली? कुणी एमआयडीसीत लागला, कुणी ऊसतोडीला गेला, कुणी रिक्षा घेतली. पोरांना शिकवलं नाही, कारण बापाला त्यात ना पैसा दिसला ना मान. डीजेवाल्याच्या गाडीवर मात्र त्याचं नाव चार फुटी अक्षरांत, दिव्यांसकट असतं. पोरगं कुणासारखं व्हायचं ठरवेल, तुम्हीच सांगा.

आता तुमचं काम. होय, तुमचंच. फलक वडीलधारी मंडळी छापत असतील, पण त्याचं डिझाइन तुमच्यापैकीच कुणीतरी मोबाइलवर करतं. मंडळाचं इन्स्टा पेज तुम्ही चालवता. शिवाजी विद्यापीठाच्या युवा महोत्सवात लोकवाद्यवृंदात उतरणारेही तुम्हीच. तिथं संबळ, हलगी, ढोलकी, तुतारी घेऊन पोरं-पोरी स्टेज हादरवतात. बक्षीस मिळालं की कॉलेजचं नाव येतं, प्राचार्यांचं येतं. पण ज्या गावातल्या काकांनी महिनाभर संध्याकाळी येऊन संबळाचा हात बसवून दिला, त्यांचं नाव सर्टिफिकेटवर येतं का? पुढच्या वेळी स्टेजवर जाण्याआधी ते नाव निवेदकाच्या चिठ्ठीत लिहून द्या.

मिरवणुकीत हलगीवाल्यासमोर तुम्ही मोबाइल धरता, तीस सेकंदांचं रील करता, कॅप्शनमध्ये ‘नाद खुळा’ लिहिता आणि फायरच्या तीन इमोजी टाकता. हजारो व्ह्यूज तुमच्या खात्यावर जमा होतात. नाद ज्याचा आहे त्याचं नाव त्यात लिहायला किती सेकंद लागतात? वाजवून झालं की जवळ जा, पाणी द्या आणि विचारा : मामा, नाव काय तुमचं? गाव कुठलं? टाकू का खाली? नंबर द्यायचाय का?

पत्रकारितेच्या वर्गात फोटोओळ लिहायला शिकवतात तेव्हा एक नियम सांगतात. फोटोत जेवढे चेहरे, तेवढी नावं, डावीकडून. गर्दी असेल तर सूट, पण चार-पाच माणसं असतील तर नाही. शाहिराच्या पार्टीत चार-पाचच माणसं असतात. हा नियम बातमी लिहिणाऱ्यांनी पाळावाच, पण तो फलकाला आणि रीललाही चालतो.

तेव्हा येत्या यात्रेचा फलक तयार करताना ‘आणि पार्टी’ हे दोन शब्द खोडा. त्या जागी चार ओळी लिहा. ढोलकी, पुढे नाव आणि गाव. हलगी, पुढे नाव आणि गाव. तुणतुणं, पुढे नाव आणि गाव. झील, पुढे नाव आणि गाव. जागा कमी पडलीच, तर नेत्यांच्या फोटोंपैकी एक थोडा लहान करा. ते रागावणार नाहीत. आणि रागावले, तर निदान ढोलकीवाला कोण आहे हे तरी त्यांना कळेल.